तबकडी मूळची

तोक्योच्या नाकानो भागात आमचं जुन्या महागड्या घड्याळांचं दुकान आहे. तिथे प्रत्येक घड्याळाची चिठ्ठी हात्सुएबाई कुरामोची लिहीत. मी शेजारच्या टेबलावर दुरुस्ती करायचो. बाईंचे शब्द ठरलेले असत. ‘नव्यासारखं’ म्हणजे पेटीतून नुसतं बघायला काढलेलं. ‘सांभाळून वापरलेलं’ म्हणजे ओरखडे फक्त भिंगाखाली दिसतील. ‘वापराच्या खुणा’ म्हणजे कुणीतरी ते घालून अख्खा संसार केलाय. मालक इनाबा कुरकुरायचे, की बाई माल विकत नाहीत, सून बघायला आलेल्या सासूसारखं लिहितात. बाई मान लववून ‘बरं’ म्हणायच्या आणि तसंच लिहायच्या.

एका नोव्हेंबरात साठ वर्षांपूर्वीचं सोन्याचं स्विस घड्याळ विकलं गेलं. ‘तबकडी मूळची,’ असं बाईंनी लिहिलं होतं. महिन्याभराने त्याच बनावटीचं दुसरं घड्याळ आलं. ते बाईंनी भिंगाखाली धरलं. मग त्यांनी विकलेल्या घड्याळाचा जुना फोटो खणातून काढून शेजारी ठेवला. त्यावरची अक्षरं किंचित जाड होती. तबकडी कधीतरी पुन्हा रंगवलेली होती.

मी म्हटलं, माझ्याही हाताखालून गेलं की ते, मला तरी कुठे कळलं? इनाबा म्हणाले, गिऱ्हाईक खूश आहे, निजलेल्याला कशाला उठवता? फार तर फोन करा.

“लिहून चुकलेय मी,” बाई म्हणाल्या. “फोनवर कशी निस्तरू?”

रविवारी मिठाईचा डबा घेऊन त्या आगगाडीने मात्सुमोतोला गेल्या.

गिऱ्हाईक होते मिझोगुची, निवृत्त दंतवैद्य. बायको गेल्यापासून एकटेच राहणारे. बाईंनी दारातच कमरेत वाकून सगळं सांगितलं, घड्याळ परत घेऊ म्हणाल्या. खरं तर इनाबांना त्यांनी विचारलंही नव्हतं.

डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ उतरवलं, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरलं.

“चाळीस वर्षं मी लोकांच्या दातांवर टोप्या चढवल्या,” ते म्हणाले. “आणि मलाही हे कळलं नाही. रंगारी पक्का होता हो.”

“मग मी आता काय करू?”

“आत या, चहा घ्या. चिठ्ठी दुरुस्त करून द्या. घड्याळ काही मी देत नाही.”

बाईंनी ‘मूळची’वर रेघ मारली, वर ‘पुन्हा रंगवलेली’ लिहिलं, तारीख घातली आणि शेजारी आपला शिक्का उमटवला. डॉक्टरांनी चहाबरोबर घरी घातलेलं मुळ्याचं लोणचं वाढलं. ते खारट झालं होतं, आणि विचारल्यावर बाईंनी तसं सांगितलंही. डॉक्टर इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

वसंतात ते दुकानात आले. इनाबांनी पुढे होऊन नवा माल दाखवायला घेतला, पण त्यांना घड्याळ नको होतं. सोबत आणलेलं लोणचं या खेपेला जमलंय का, एवढंच बाईंना विचारायचं होतं. दुपारी दोघं समोरच्या दुकानात शेवया खायला गेले. बाई दोन तास उशिरा परतल्या.