पांढऱ्या तळव्याचे मोजे

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी माझ्या पायांकडं बघितलं. रडू त्यानंतर आलं. हे लिहायला लाज वाटते, पण थोरल्या बहिणीबद्दल लिहायला बसायचं आणि पहिल्याच ओळीत खोटं बोलायचं, हे तिला चाललं नसतं. संध्याकाळचे पाच वाजले असतील. भाचा प्रमोद म्हणाला, "मामा, आई गेली. दुपारी जरा आडवी झाली होती... चहाला उठवायला गेलो तर उठलीच नाही." मी 'आलो' म्हणालो, फोन ठेवला आणि कॉटवर तसाच बसून राहिलो. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, आता माझे पाय कोण बघणार? सख्खी बहीण गेली आणि या गृहस्थाला स्वतःच्या पायांचं पडलंय! पण मी भित्रा माणूस आहे. नोकरीत असताना कॉलेजच्या ऑफिसात सगळ्यांवर खेकसायचो, तेही बहुतेक भीतीपोटीच. हे अक्काला बरोबर ठाऊक होतं.

आम्ही मूळचे आजऱ्याजवळच्या एका खेड्यातले. अक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती गडहिंग्लजला गेली. दाजींचं तिथं जनावरांच्या पेंडीचं दुकान होतं. शेजारी एका फौजीचं बिऱ्हाड होतं, त्यातल्या बाई नवऱ्याबरोबर थंडीच्या मुलखात राहून चार सुयांवर मोजे विणायला शिकून आलेल्या. त्यांनी अक्काला शिकवलं आणि अक्का त्या नादाला लागली ती लागलीच. आमच्याकडच्या बायका विणत नाहीत असं नाही, पण ते आपलं क्रोशाचं तोरण, नाहीतर बाळाचं टोपडं. मोजे? तेही गडहिंग्लजला? जिथं माणसं स्वतःच्या लग्नात चपला घालून मिरवतात! मी चिडवायचो, "अक्का, अख्ख्या तालुक्यात बूट किती जणांकडं हायत ते मोज तरी एकदा." ती मान वर न करता म्हणायची, "तू मोज की. मला टाकं मोजायचं हायत."

स्वेटर का नाही विणत, असं तिला कुणीतरी विचारलं होतं. म्हणाली, "त्यात काय मजा हाय? सरळ विणत जायाचं. मोज्याला टाच वळवाय लागती." टाच वळवायची म्हणजे, वरून नळीसारखा विणत आणलेला मोजा एका जागी थांबवायचा, निम्म्याच टाक्यांवर पुढं-मागं करत राहायचं आणि मग तो हळूच तळव्याकडं वळतो. तेवढा वेळ अक्का कुणाची नसायची. दाजींनी जेवायला मागितलं तरी एक बोट वर करून 'थांबा' म्हणायची. टाच वळली की सुया मांडीवर ठेवून खुदकन हसायची. "वळली बघ! दर खेपेला वाटतंय आता न्हाय वळत, आन् वळती." पन्नास वर्षं तिला या एका गोष्टीचं नवल वाटत राहिलं.

दाजी गेले, दुकान बंद झालं, प्रमोदनं तिला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटवर आणलं. सामानाच्या टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसून ती गडहिंग्लजपासून इथपर्यंत विणत आली. खिडकीतून मागं वळून घराकडं बघितलंसुद्धा नाही, असं प्रमोद सांगतो. मला ते जरा खटकलं होतं. मी बोललोही. तर म्हणाली, "बाळू, तुला वाटतंय मी लई धीराची. आरं, भ्या वाटलं की माझं हात चालाय लागत्यात. मागं बघितलं असतं तर टेंपोतनं उडी मारली असती मी." चौथ्या मजल्यावर नेणाऱ्या लिफ्टचीही तिला धास्ती होती. लिफ्टमध्ये शिरताना पिशवीतलं विणकाम बाहेर काढायची आणि दार उघडेपर्यंत चार-सहा टाके घालायची. शेजारीपाजारी हसायचे. सहा महिन्यांत त्यांच्यातल्या निम्म्यांच्या पायांत हिचे मोजे.

मी राहतो तिथून तिचं घर दोन गल्ल्या सोडून. मला शुगर आहे, बारा-तेरा वर्षं झाली. गोळ्या घेतो, फार जाणून घेत नाही. दोन वर्षांपूर्वी मी कापशीची नवी कोल्हापुरी चप्पल घेतली, करकर वाजणारी. नवी चप्पल चावणारच, तेल लावायचं आणि चालायचं, हे आम्हा कोल्हापूरकरांना कुणी शिकवावं लागत नाही. पहिल्याच दिवशी ती घालून मी रंकाळ्यापर्यंत गेलो, परत आलो आणि तसाच अक्काकडं गेलो. मोठ्या फुशारकीनं म्हणालो, "अक्का, कारागीर झकास हाय बघ. या खेपेची चप्पल चावलीच न्हाय!"

अक्का टाच वळवत होती. आणि तिचे हात थांबले. मधेच! असं मी तोवर कधी बघितलं नव्हतं.

"काढ चप्पल," म्हणाली.

अंगठ्याच्या बाजूचं कातडं सोलून निघालं होतं. चप्पल आतून ओली होती. मला खरंच काही कळलं नव्हतं. अक्कानं पाय पुसला, हळद लावणार होती, मग म्हणाली, "नगो, डॉक्टरलाच दाखवू. आदी डोळं मिट." मी मिटले. तिनं एक सुई मोकळी केली असावी. म्हणाली, "सुईचं बोथट टोक लावती. लागलं की सांग." मी थोडा वेळ थांबलो. काहीच लागेना. घाम फुटला. मग आपलं अंदाजानं म्हणालो, "हं, लागतंय. टाचंला."

"बाळू," अक्का म्हणाली, "मी अजून सुई लावलीच न्हाय."

डोळे उघडले तर ती माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली. ती उठली, गॅलरीचं दार लोटून आली आणि मग तिनं मला ते सांगितलं, जे तिनं तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

आमच्या आप्पांनाही शुगर होती. त्यांचा पाय कापावा लागला, आणि त्यानंतर वर्षभरात ते गेले. हे मला ठाऊक होतं. मला आठवतं ते इस्पितळ. मी वॉर्डच्या दारात उभा राहिलो, आप्पांच्या अंगावरची चादर एका बाजूला गुडघ्याखाली सपाट होती, आणि मी आत न जाता तिथूनच परत फिरलो. घरी सांगितलं की भेटून आलो. आजवर हे मी कुणाला सांगितलं नाही, आज इथं लिहितोय. अक्कानं मनात ठेवलेलं होतं ते त्याच्या आधीचं. ती तेव्हा माहेरी आली होती. आप्पा शेतातून आले, तिनं पायांवर पाणी घातलं. तळव्याला तांबडं लागलं होतं. आमच्या आजऱ्याकडची माती तांबडीच. "मला वाटलं माती हाय," अक्का म्हणाली. "चोळलं, तर निघंना. म्हटलं लई चिकटलीया, उद्या घासून काढू. आप्पा बी काय बोललं न्हाईत. त्यांला दुखतच नव्हतं की रं... चार दिसांनी वास आला तवा कळलं. माती समजून रगत धुतलं मी."

त्या दिवशी आम्ही दोघं म्हातारी माणसं गॅलरीत बसून हमसून हमसून रडलो.

डॉक्टरांनी पट्टी केली, शुगरनं तळव्यांची जाणीव गेलीय म्हणाले. पुढच्या आठवड्यात अक्कानं मला पहिला जोड दिला. वरून गर्द निळा, तळवा पांढराशुभ्र. लोकर नाही, सुती धागा, तो तिनं इचलकरंजीहून मुद्दाम मागवला. आत शिवण नाही, गाठ नाही. "गाठ टोचती, आन् तुला कळायची न्हाय," म्हणाली. "वरनं तुला पायजे तो रंग सांग, तळवा पांढराच घालनार. तुझ्या पायाला बोलता येत न्हाय आता. मोजा सांगंल." त्यानंतर दर रविवारी सकाळी मी तिच्याकडं जायचो. उन्हात बसून ती माझा पाय मांडीवर घ्यायची आणि बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत बघायची. आपण थोरल्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं असतं, इथं थोरली धाकट्याचे पाय घेऊन बसलेली. मी ओशाळून काहीतरी बडबडायचो. "गप की जरा," असं म्हणून ती चष्मा पुसायची. "काय न्हाय. जा, चहा पी," असं ती म्हणाली की पुढचे सात दिवस मी माणसात असायचो. तिच्याकडून मी एकच वचन घेतलं होतं, सुनंदाला काही कळू द्यायचं नाही. सुनंदा म्हणजे आमची सौभाग्यवती. ती रडेल, गल्लीभर करेल, मला गोडाच्या ताटावरून उठवेल, असं माझं म्हणणं. खरं कारण, दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते ऐकायची मला भीती वाटत होती. अक्का 'बरं' म्हणाली, पण तिला ते पटलं नव्हतं.

अक्काला पोचवायला गेलो तेव्हा पायांत काही घालायचं नव्हतं. गाडीतून उतरून स्मशानात चालत जायचं, अनवाणी. सगळे तिच्याकडं बघत चालले होते, आणि मी? मी खाली खडे बघत चाललो होतो. खिळा, काच, निखारा... बहिणीचं शेवटचं दर्शन मी धड घेतलं नाही हो. घरी आल्यावर आंघोळ केली, पाय न बघताच पुसले आणि कपाटातले जुने, ऑफिसचे काळे मोजे काढून चढवले. दुसऱ्या दिवशीही काळेच. अक्काचे सगळे जोड खणात ठेवले आणि खण लावून टाकला. लोकांना वाटलं, आठवण सहन होत नाही. माझी गोष्ट वेगळीच होती. पांढऱ्यावर दिसतं. मला बघायचं नव्हतं. सव्वा महिना मी माझ्याच तळव्यांना पाठ दाखवून जगलो. रविवार उजाडला की तिच्या गल्लीतून जायचं टाळायचो.

गेल्या आठवड्यात सकाळी कॉटवर बसून उजवा मोजा काढायला गेलो, तर तो निघेना. टाचेवरून सुटला आणि चवड्यापाशी अडकला. ओढलं, तरी चिकटलेलाच. आप्पांच्या चादरीची ती सपाट बाजू डोळ्यांपुढं आली. अक्काला हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, आणि हाक आली ती, "सुनंदा!"

ती पदराला हात पुसत आली. मी म्हणालो, "घाबरू नकोस. तुला माहीत नाही, पण माझ्या पायांना... दोन वर्षं झाली..."

"मोजे कोण धुतंय तुमचे?" सुनंदा म्हणाली.

मी मोज्यावरचा हात काढला.

"दोन वर्षं पांढरा तळवा उजेडात धरून बघती, मगच भिजत घालती. सव्वा महिना झाला, काळंच येतंय. काळ्यावर काय दिसतंय? रोज वाटायचं विचारावं. पण तुम्ही विचारू देताय व्हय?"

"अक्कानं सांगितलं तुला?"

"अक्का कशाला सांगतील? मला डोळं न्हाईत व्हय?"

ती खाली बसली. मी म्हणालो, "मला भीती वाटते गं." लग्नाला चाळीस वर्षं होत आली, हे वाक्य मी तिच्यापुढं पहिल्यांदा उच्चारलं.

"आन् मला?" ती म्हणाली. "दोन वर्षं मी मोरीत एकटीच घाबरतीया!"

कोमट पाण्यात मोजा भिजवून तिनं तो सुतासुतानं सोडवला. चवड्याखाली शर्टाच्या बटणाएवढी जखम होती. रिक्षा करून तासाभरात आम्ही डॉक्टरांपुढं. ते माझ्यावर ओरडले, मी ऐकून घेतलं. आत हाडापर्यंत गेलेलं नाही म्हणाले, पण रोज पट्टी, पाय टेकवायचा नाही, आणि पंधरा दिवसांनी बघू. 'बघू' हा शब्द मी त्या दिवसापासून डोक्यात घेऊन बसलोय. रात्रीची झोप नाही. सुनंदालाही नाही, हे आता मला कळतं, कारण आता ती तसं सांगते.

खण उघडला. अक्काचे नऊ जोड आहेत, तळवे धुऊन धुऊन थोडे पिवळट झालेत, पण डाग दिसायला तेवढे पुरेत. दहावा आता कुणी विणणार नाही. रोज सकाळी गॅलरीत सुनंदा माझ्या पायातला, पट्टीवरून चढवलेला आदल्या दिवशीचा मोजा काढते, उलटा करते, आणि आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून उजेडात धरतो. चार दिवसांपूर्वी डाग होता. परवा त्याहून लहान. काल काही नव्हतं.

आज बघायचा मोजा अजून पायात आहे.