मापकाकांचा राजीनामा

मापकाका दरवर्षी राजीनामा द्यायचे. लोक वर्षातून एकदा डोळे तपासून घेतात, पाण्याची टाकी धुऊन घेतात, तितक्याच नेमाने. सोसायटीची वार्षिक सभा भरली, हिशेब मंजूर झाले, की ते उभे राहायचे, चष्मा काढायचे आणि दाटलेल्या गळ्याने म्हणायचे, "आता मला मोकळं करा."

की लगेच पहिल्या रांगेतून खजिनदार उसळायचे, "नाही नाही! तुमच्याशिवाय कोण?"

मागून चारपाच जण तेच म्हणायचे. प्रेमापोटी म्हणायचे असं नाही. गप्प बसलं तर 'मग तुम्हीच घ्या' असं कुणीतरी आपल्यालाच म्हणेल, ही धास्ती. काका नाइलाजाने मान हलवत खाली बसायचे, चष्मा परत नाकावर चढायचा, आणि सेक्रेटरीपद आणखी एक वर्षभर सुखरूप.

"एक दिवस कुणीतरी हो म्हणेल हं," काकू घरी बजावायच्या.

"कोण म्हणेल? कुणाची छाती आहे?"

"म्हणेल कुणीतरी. मग तुम्ही दिवसभर घरात. माझं काय होईल, याचा विचार केलाय?"

काकांनी तो कधीच केला नव्हता. स्वतःचा मात्र पुरेपूर केला होता. उभी हयात त्यांनी वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर म्हणून काढली होती. ते बाजारपेठेत शिरले की पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत काट्याखाली चिकटवलेली चिंचोक्याएवढी गोळी नाहीशी व्हायची, कापडवाल्याचा मीटर आपसूक लांब व्हायचा. आणि मग एका संध्याकाळी हार, शाल, भाषणं. दुसऱ्या दिवशी ते त्याच बाजारात गेले, तर एका दुकानदाराने त्यांच्या देखत अंगठ्याने पारडं दाबलं आणि वर हसून विचारलं, "काय साहेब, पिशवी आणलीय ना?"

त्या दिवसापासून काका खचलेच. जेवताना बोलेनात, चालताना वर बघेनात. तेवढ्यात सोसायटीला सेक्रेटरी हवा झाला. दुसरं कुणी तयार नव्हतं. काकांची मान पुन्हा ताठ झाली, आणि खिशात मोजायची टेप आली.

टेपेला काम पुष्कळ होतं. दारापुढचं चपलांचं कपाट भिंतीपासून वीतभरच पुढे यायला हवं, कुंडी कठड्यावर नको, सायकल जिन्यात नको, पोहण्याच्या तलावात टोपीशिवाय टक्कलवाल्यानेही उतरायचं नाही. टक्कलवाले वाद घालायचे. काका म्हणायचे, "नियम डोक्याला आहे, केसांना नाही."

मेंटेनन्सच्या वसुलीची तर त्यांची खास रीत. नोटिसा ते कधी पाठवत नसत. नोटीस माणूस दाराखाली सरकवतो, दुसरा ती पायाने परत ढकलतो. काका लिफ्टमध्ये गाठायचे, तेही बरोबर पाहुणे असताना.

"काय, बरे आहात ना?"

"हो, हो काका. मजेत."

"नाही म्हटलं, बरेच महिने काही कळलं नाही तुमच्याकडून. आजारीबिजारी आहात की काय."

मग सासूबाई जावयाकडे वळून बघायच्या. "आजारी होता? आम्हाला कळवलं नाहीत ते?"

"अहो नाही, काका गंमत करतात."

"गंमत कसली? काळजी वाटते माणसाला. रात्री झोप लागते ना नीट? घेण्यादेण्याची काही चिंता वगैरे?"

चौथा मजला येईपर्यंत जावयाच्या हातात फोन आणि काकांच्या फोनवर पैसे जमा झाल्याचा निरोप. दोन मजल्यांच्या मधे माणूस पळून कुठे जाणार?

एका बाबतीत मात्र काकांचं काही चालत नसे. सभेला वेळेवर कुणी येत नसे. कारण सगळ्यांना ठाऊक होतं की ठरल्या वेळेला पुरेशी माणसं जमली नाहीत तर सभा अर्धा तास तहकूब होते, आणि त्यानंतर मोजकी डोकी असली तरी चालते. त्यामुळे सहाची सभा म्हणजे साडेसहाची, हे जुने रहिवासी धरूनच चालायचे. ते अर्धा तास घरी चहा पीत बसायचे, आणि काका क्लब हाऊसमध्ये रिकाम्या खुर्च्यांसमोर.

यंदा त्यांचं डोकंच फिरलं. त्यांनी लिफ्टमध्ये सूचना लावली: 'सभा सहा वाजता. उशिरा येणाऱ्यास बोलण्याचा व मत देण्याचा अधिकार राहणार नाही.' जुन्यांनी ती वाचली आणि "यंदा जास्तच तापलेत" म्हणून हसून सोडून दिली. पण यंदा बी विंग नव्याने भरली होती. तिथली माणसं नवी होती, तरुण होती, आणि नव्या घरात गेल्यावर माणूस काही काळ भिंतीवरचं सगळं खरं मानतो.

सहाला पाच मिनिटं कमी असताना काका क्लब हाऊसच्या दारात आले, आणि जागच्या जागी थबकले. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. भिंतीला टेकून माणसं उभी. सगळे त्यांच्याकडेच बघतायत. इतक्या वर्षांत असा प्रयोग कधी लागला नव्हता.

खजिनदार कुठे दिसत नव्हते, हे काकांच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण एवढे कान आयते समोर बसलेले बघून त्यांना थांबवेना. हिशेब झरझर वाचले, सगळ्यांनी हात वर केले, एकानेही 'जनरेटरला एवढं डिझेल कसं लागलं' म्हणून विचारलं नाही. काका सुखावले. उभे राहिले. चष्मा काढला. यंदा रुमालही काढला.

"मंडळी, तुम्ही नवे आहात. तुम्हाला कल्पना नाही, हे काम काय आहे. पहाटे पाण्याचा टँकर कोण बघतो? मी. लिफ्ट अडकली की फोन कुणाला? मला. सख्खी माणसं दुरावतात, शेजारी ओळख देत नाहीत. रक्तदाब वाढलाय. बायको म्हणते, पुरे आता. मंडळी, आता मला मोकळं करा!"

आणि ते थांबले. इथे खजिनदारांचं वाक्य होतं.

वाक्य आलं नाही. पंखा तेवढा फिरत होता. काकांनी रुमाल डोळ्यांना लावला, जरा वेळ काढला, एका डोळ्याने दाराकडे पाहिलं. दुसऱ्या रांगेतून एक तरुण बाई उठली. बी विंगमधली दातांची डॉक्टर. तिचे डोळे खरोखर भरून आले होते.

"काका, ऐकून खरंच लाज वाटली आम्हाला. या वयात तुम्हाला इतका त्रास, आणि आम्ही आरामात घरात बसतो. नाही, हे बरोबर नाही."

"नाही नाही, तसं काही—"

"आता संकोच करू नका. तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत. तुम्हाला मोकळं करणं हे आमचं कर्तव्य आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांच्या उभ्या आयुष्यात एवढ्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या, आणि यातली एकही त्यांना नको होती. मागून कुणीतरी विचारलं, "मग आता कोण?" डॉक्टर म्हणाली, "एक वर्ष मी बघते." पुन्हा टाळ्या. सर्वानुमते मंजूर.

साडेसहाच्या ठोक्याला दार उघडलं. तृप्त चेहऱ्याने खजिनदार आत आले, मागोमाग ए विंगचे जुने लोक. काका उभे आहेत, चष्मा हातात आहे, रुमाल डोळ्याला आहे, एवढं त्यांनी पाहिलं आणि आपली वेळ झाली असं समजून दारातूनच हाक दिली, "नाही नाही! तुमच्याशिवाय कोण?"

डॉक्टर त्यांना अदबीने म्हणाली, "माफ करा हं, पण तुम्हाला उशीर झाला. नियमाप्रमाणे तुम्हाला बोलता येणार नाही."

"कुणाचा नियम?"

सगळ्यांनी मापकाकांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर किल्ल्या न्यायला आली. पंपघराची, गच्चीची, मीटरच्या कपाटाची. "गच्चीचं कुलूप जरा वर उचलून फिरवावं लागतं," काका म्हणाले. आवाज लेक सासरी धाडणाऱ्या बापाचा. डॉक्टर म्हणाली, "हो का? बदलूनच टाकते." काका आत निघून गेले.

मग ते सोसायटी बुडण्याची वाट बघू लागले. सोसायटी बुडेना. टँकर वेळेवर यायचा. डॉक्टर फोन करून म्हणायची, "दादा, मेंटेनन्स राहिलाय बरं का," आणि दादा भरून टाकायचे. चपलांची कपाटं हातहात पुढे आली, पण कुणी अडखळून पडलं नाही. तलावात एक टकला टोपीशिवाय पोहला, आणि पाण्याला काही झालं नाही. काका खिडकीतून ते पोहणं शेवटपर्यंत बघत राहिले.

मग त्यांनी घराकडे लक्ष वळवलं.

"फ्रीजचं दार किती वेळ उघडं ठेवलंस?"

"भाजी काढत होते."

"आधी ठरवावं, मग उघडावं. आणि हे पायपुसणं तिरकं आहे."

"पाय पुसायला आहे ना? पाय पुसले जातायत ना?"

"तिथेच तर गाडं अडतं. तुझ्या दृष्टीने सगळं चालतंच."

आठवडाभरात स्वयंपाकघरातल्या डब्यांची उंचीप्रमाणे रांग लागली. साखर सर्वात मागे गेली. काकूंनी चहा बिनसाखरेचा दिला, तेव्हा काकांनी तक्रार कुणाकडे करायची याचीही एक पद्धत हवी, असं सुचवलं. काकूंनी पदर खोचला आणि तडक डॉक्टरचा दवाखाना गाठला.

डॉक्टरने त्यांना खुर्चीत आडवं केलं, दिवा तोंडावर आणला. "कुठला दात दुखतोय, काकू?"

"दात ठणठणीत आहेत. नवरा दुखतोय."

डॉक्टरने दिवा बाजूला केला. सगळं ऐकून घेतलं आणि अपराधी चेहऱ्याने म्हणाली, "मला वाटलं, ते सुटले बिचारे. मी त्यांना सल्लागार करू का? मानाचं पद."

"मान ठेवायला जागा नाही घरात. शाली आहेत पाच. त्यांना पद नकोय गं, त्यांना गुन्हेगार हवाय."

"पण आता सोसायटीत कुणी काही मोडतच नाही. मीच म्हटलं, चालू द्या."

"तेच तर!" काकू खुर्चीत उठून बसल्या. "पुढच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, हा नियम अजून आहे ना?"

"असेल. काढायचा राहूनच गेला."

"राहू दे. अजिबात काढू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका बागेत फेऱ्या मारत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या कठड्यावरून एक भलीमोठी जांभळी चादर लोंबत होती, अगदी दर्शनी बाजूला. काकांचे पाय थबकले. गेल्या कित्येक दिवसांत आलं नव्हतं असं रक्त त्यांच्या कानशिलांपर्यंत आलं. मग त्यांनी मजले पुन्हा मोजले. चादर ओळखीची होती.

धापा टाकत ते वर आले. "काढ ती! आपल्या घरावर? माझ्या घरावर?"

"तुम्ही कोण सांगणारे?" काकू शांतपणे शेंगा सोलत होत्या. "सेक्रेटरी का?"

"सदस्य आहे मी या सोसायटीचा!"

"मग रीतसर तक्रार करा. ऑफिस खाली आहे."

काका खाली गेले. डॉक्टर दवाखान्यात निघाली होती. तिने चेहरा होता होईल तेवढा कडक केला.

"तक्रार कुणाविरुद्ध?"

"ए विंग, तिसरा मजला, डावीकडचं घर."

"ते तुमचं ना? मालक कोण?"

"मीच. पण कृत्य बायकोचं आहे."

"दंड मालकाला होतो, काका."

"होऊ दे," काका छाती काढून म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

"मला पाहणी करायला वेळ नाही हो. तुम्ही कराल? एकदम सगळ्याच बाल्कन्यांची केलीत तर बरं होईल. रोज. तुम्हाला त्रास होणार नसेल तर."

काकांचा हात सवयीने चष्म्याकडे गेला. 'आता मला मोकळं करा' ओठांवर आलं होतं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी ते गिळलं आणि म्हणाले, "करतो."

मग ते बागेत आले. सोबतीला खजिनदार आले, कारण त्यांनाही घरात काही काम नव्हतं. दोघं मान वर करून उभे राहिले. काकांनी चष्मा पुसला आणि चादरीकडे नीट पाहिलं. चष्मा काढून पुन्हा पुसला, पुन्हा पाहिलं.

चादर ओली नव्हती. थेंब गळत नव्हता. तिच्यावर इस्त्रीच्या घड्या होत्या, उभी एक, आडव्या दोन, करकरीत. कपाटातून काढून तशीच टाकलेली. उभा जन्म खोटी मापं पकडण्यात गेलेल्या माणसाला हे दिसायला असा कितीसा वेळ लागणार?

"काय झालं?" खजिनदारांनी विचारलं. "ओली दिसत नाही हो ती. मग वाळत घातली कशी म्हणायची?"

"ओलीच आहे," काका ठासून म्हणाले. "चिंब आहे. तुमची नजर कमी झालीय."

वर कठड्याशी काकू आल्या. त्यांनी खाली वाकून पाहिलं. मापकाका कमरेवर हात ठेवून, मान ताठ करून, पूर्वीसारखे उभे होते.

"दिसतंय ना तिथून नीट?" काकूंनी ओरडून विचारलं. "का आणखी एक टाकू?"