गजूनं मागितलेली माफी

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. देवालाही नाही — त्याच्यापुढं उभा राहिलो की भलतंच काहीतरी मागून मोकळा होतो. तुम्हाला सांगतो. मध्येच अडलो तर अडू द्या.

समुद्रपुरात माझं बी-बियाण्याचं दुकान आहे, अन् गावच्या फुटबॉल कमिटीचा मी सचिव. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमची स्पर्धा भरते. खेळाडूंच्या शिस्तीवर मी फार बोलतो. लोक म्हणतात, शेठ बोलतात तसे वागतात. वागतो का?

पूर्वी मी गावच्या टीमचा कॅप्टन होतो, गोलकीपर. पुढे गजू खेळायचा. काय सांगू त्याचं — चिखलात आमचे पाय घोट्यापर्यंत रुतायचे अन् हा बाप्पा सारवलेल्या अंगणात फिरल्यासारखा फिरायचा. मागून बघता बघता आपणही खेळतोय हेच मी विसरायचो. त्याला जिल्ह्याच्या टीमचं बोलावणं येणार अशी चर्चा होती. तो त्याच आशेवर जगत होता.

त्या वर्षी फायनल शेजारच्या जाम गावाच्या टीमशी. रेफ्री वानखेडे सर, शाळेत आम्हा सगळ्यांना खेळ शिकवणारे. खेळ संपत आला असताना त्यांनी आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली. आम्ही धावून गेलो. ढकलाढकली, शिव्या — अन् त्या गर्दीत कुणीतरी सरांच्या पाठीवर खर्रा थुंकलं. पांढऱ्या शर्टावर तंबाखू-सुपारीची तांबडी पिचकारी. सर वळले. मागे गजू होता, आणि गजूच्या गालात खर्रा होता.

गजू खर्रा खातो हे अख्ख्या गावाला ठाऊक. कॅप्टन सुपारीलाही शिवत नाही, हेही ठाऊक. माझ्या दुकानात तशी पाटीच होती — खर्रा खाऊन आत येऊ नये.

कळलं ना आता? मी खायचो. गोदामात, पोत्यांच्या आड. त्या दिवशीही गालात होता. थुंकलो मी — ज्यांनी मला हात धरून बॉल झेलायला शिकवलं, त्यांच्या पाठीवर.

"म्या नाई थुकलो," गजू म्हणाला. लोक हसले. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं? तोंडातला उरलेला खर्रा गिळला आणि म्हणालो, "गजू, गप राय."

त्याच्यावर कायमची बंदी आली. जिल्ह्याचं बोलावणं आलंच नाही. मी नेहमीसारखं दुकान उघडत राहिलो.

बरीच वर्षं गेली. मागच्या वर्षी कमिटीत पोट्ट्यांनी विषय काढला — गजूभाऊले अजून एक चान्स द्या. वाद पेटला. कुणी म्हणे चुकलेल्याला संधी मिळालीच पाहिजे, कुणी म्हणे मग शिस्त कशाला उरते. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्याकडे सामन्याआधी मैदानाच्या मधोमध नारळ फुटतो. मी म्हणालो, तिथं, सगळ्या गावासमोर सरांच्या पाया पडू दे, मग खेळू दे. लोकांना ते फार न्यायाचं वाटलं. अट का घातली सांगू? न केल्या गोष्टीची माफी गजू मागणार नाही, याची मला खात्री होती. तो बाहेर राहिला की मी सुखी.

तो आला. चिखल तुडवत मधोमध गेला, वाकला, सरांच्या पायांवर डोकं ठेवलं. "सर, चुकलं माह्यं." आवाज जरासुद्धा कापला नाही. सरांनी त्याला उठवून छातीशी धरलं. फोडायला घेतलेला नारळ माझ्या हातून सटकला.

मग तो खेळला. पोट सुटलेलं, दम लागत होता. पण पहिलाच बॉल असा छातीवर उतरवला, की बोलणारी माणसं बोलायची थांबली. मला हात जोडावेसे वाटले. देवळात कधी वाटलं नव्हतं तेवढं.

सामना संपल्यावर तो हापशीवर पाय धूत होता. मी त्याच्याजवळ गेलो.

"म्या तुले तवाच पाह्यलतं थुकताना," तो म्हणाला.

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"मानलं असतं कोणी? अन् आज मले खेळाचं होतं बे. भांडाचं नोतं."

चपला झटकल्या आणि गेला. कुठून येतं एवढं मोठं मन? मी अजून विचार करतो, मला थांग लागत नाही.

यंदा स्पर्धेच्या आधी सरांनी नव्या पोरांना रांगेत उभं केलं. मी बाजूच्या खुर्चीत होतो. गजूच्या खांद्यावर हात ठेवून सर म्हणाले, "माणूस सुधरते, पोट्टेहो. याच्याकडं पाहा." गजू मान खाली घालून हसला. सर म्हणाले, टाळ्या वाजवा.

सगळ्यांत आधी मी वाजवल्या.