फौजदाराचं घर असावं तर असं

चहा घ्या आणि ऐका, हुशारीने स्वतःचं नुकसान कसं करावं. शाळा सातवीपर्यंतच झाली माझी, पण हे मला कुणी न शिकवता जमलं.

हे तेव्हा तलासरीला फौजदार. राहायला सरकारी क्वार्टर, आणि ते असं गळायचं की पावसात अंगणात उभं राहिलं तर माणूस कमी भिजेल! तान्ह्या बेबीचा पाळणा मी कोरड्या कोपऱ्याच्या शोधात घरभर फिरवायची. तिला खोकला धरलेला. ती खोकली की माझा जीव गोळा, आणि नाही खोकली की मी नाकाशी बोट धरून बघायची.

एका सकाळी हे सायवनला तपासाला गेले आणि मागोमाग हवालदार निरोप घेऊन आले, मुंबईचे साहेब क्वार्टर बघायला येतायत.

झालं! यांचं नेहमीचं सांगणं, साहेबापुढे रडगाणं गायचं नाही, बदली होते. आणि इथे घरभर पातेली मांडलेली.

शेजारी मंजूबेन, किराणावाल्या शेठची बायको. तिच्याकडून खुर्च्या आणल्या, कपबश्या आणल्या, भरतकामाची चादर आणून ओल्या गादीवर घातली. वर बघते तर वासे काळे पडलेले. मग सत्यनारायणाला बांधतात ते तिचं चांदण्यांचं छत आणलं आणि हवालदारांकडून बांधून घेतलं. पातेली पलंगाखाली.

साहेब आले. पांढऱ्या मिशा, साधा कोट. ते खुर्चीत टेकले आणि बाहेर सर कोसळली.

"ताई, घर गळतं का?"

"छे हो."

"बाळ खोकतंय."

"दात येतायत तिला."

आता दातांचा आणि खोकल्याचा काय संबंध? पण माझं लक्ष कुठे होतं! साहेबांच्या डोक्यावर छताला पोट यायला लागलं होतं. ते फुगत होतं, मी हसत होते. ओल आहे का? नाही. विंचू निघतात? नाही. काहीच अडचण नाही? मी म्हटलं, माहेरीसुद्धा इतकं सुख नव्हतं.

साहेब जरा हिरमुसलेच. चहा संपवून गेले. मी हुश्श करून त्यांच्याच खुर्चीत बसले, आणि छताची गाठ सुटली.

संध्याकाळी हे परतले. केस पुसत मी सगळा पराक्रम सांगितला. 

"अगं, ते वरिष्ठ नव्हेत. रिटायर झालेत. आमच्या पोलीस अधिकाऱ्यांच्या मंडळाचे ते. आमच्या घरादाराच्या अडचणी विचारून सरकारपुढे मांडायच्या, हेच त्यांचं काम. घर गळतं, पोर आजारी आहे म्हणून मीच बोलावलं होतं."

"मग मला सांगून नाही ठेवायचं?"

"रडायला काय सांगावं लागतं? माझ्यापुढे रोज रडतेस ना!"

पुढे मंडळाच्या शब्दावर शेजारच्या पोलीस ठाण्याच्या क्वार्टरला नवी कौलं मिळाली. आमच्याविषयी साहेब म्हणे भर सभेत बोलले, फौजदाराचं घर असावं तर तलासरीसारखं. बेबीचा पाळणा मी मंजूबेनच्या माडीवर हलवला, तिथे तिचा खोकला थांबला.

तेवढ्यात निरोप आला, डहाणूच्या अधिकाऱ्यांच्या बायका आमचं घर बघायला येणार.

मी पुन्हा मंजूबेनच्या दारात. छत मागितलं. ती म्हणाली, "छत शुं, बेन? आखुं घर लई जाव ने."

अख्खं घरही नेलं असतं हो. पण पाळणा तिथे होता, आणि आमच्या दोघींच्या घरांत कोरडं तेवढं तिचंच होतं.