पुढल्या वर्षीची भाजी

आमच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी खारं व्हायला लागलं तसं एकेक करून सगळं गेलं. आधी पानवेल, मग केळी. शेजाऱ्यांनी वाड्या विकल्या, तिथे इमारती आल्या. आमच्या ह्यांनी मात्र मोबाइलवर शोधशोधून एक भाजी हुडकली, अ‍ॅस्परॅगस. तिचे कोवळे कोंब खातात. खारं पाणी तिला फारसं बाधत नाही म्हणे, आणि एकदा लावली की दहा-पंधरा वर्षं बघायला नको. अट एकच. पहिली दोन वर्षं एकही कोंब कापायचा नाही, जमिनीखाली मुळी धरू द्यायची. खायचं ते तिसऱ्या वर्षी.

उगवलं ते काय, तर लग्नातल्या गुच्छात खोचतात ते पिसासारखं गवत! मी म्हटलं, "अहो, भाजी लावलीत की हारवाल्याचं दुकान काढलंत?" ते हसायचे आणि पुन्हा वाफ्यात जाऊन बसायचे. मला ती सवतच वाटायची.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या पोटात गाठ निघाली. दिवाळीनंतर डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं, आता घरीच ठेवा, हवं ते खाऊ घाला. उन्हाळा दिसणंही कठीण होतं. ह्यांना ते सांगायला माझी जीभ रेटेना.

माघात वाफ्यात नवे कोंब वर आले. पेजेशिवाय ह्यांना काही जात नव्हतं, तीही दोन-चार चमचे. मी कोयती घेऊन निघाले तर खाटेवरून ओरडले, "हात लावू नको! मुळी अजून धरली नाय. पुढल्या वर्षी." त्यांचा आवाज चढलेला ऐकून बरं वाटलं. मी रोज विचारायचे, रोज तेच उत्तर. मला राग यायचा. न विचारता कापून आणले असते, पण मग त्यांना कळलं असतं की मी पुढल्या वर्षाची आशा सोडली आहे. म्हणून कोयती तशीच कोनाड्यात पडून राहिली.

एका सकाळी त्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली आणि म्हणाले, "जा, थोडे कोंब कापून आन."

मी जागची हलले नाही. "मुळी धरू द्या की, अहो. पुढल्या वर्षी कापू."

"आन गं," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

वाफ्यात बसून मी आधी पोटभर रडून घेतलं, मग कापले. तेलात ठेचलेला लसूण आणि एक हिरवी मिरची टाकली, कोंबांचे बोटभर तुकडे झाकण न ठेवता परतले, वरून मीठ आणि ओलं खोबरं. ओल्या वाटाण्यासारखा वास सुटला होता.

एक तुकडा त्यांनी बराच वेळ चघळला. गिळता आला नाही. शेवग्याच्या शेंगेसारखा चोथा माझ्या तळहातावर काढून ठेवला.

"मीठ कमी," म्हणाले. "आता बाकीचे कापू नको. पुढल्या वर्षी तुला जाड मिळतील."

मी मान हलवली.

"ही तू खा. माझ्यासमोर खा."

खाटेच्या कडेला बसून मी ती सगळी भाजी खाल्ली. ते एकेका घासाकडे बघत होते. "कशी लागते?" त्यांनी विचारलं. चांगली लागते, म्हटलं. तोंडात काय आहे ते मला कळतच नव्हतं.