सातशे वॅटचा डबा

जास्त म्हणजे चांगलं, हे खूळ ज्यानं कुणी काढलं असेल त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा. मग बघते.

आमचे हे भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. आवाज खणखणीत. आणि घरी आले की माझ्याशी भांडायचे. पंखा लाव, पंखा बंद कर, खिडकी का उघडी, खिडकी का लावलीस. मीही काही कमी नव्हते. तोंडाला तोंड दिल्याशिवाय आमचा दिवस मावळायचा नाही.

मग झटका आला. अंग गेलं, जीभ गेली, डोळे तेवढे राहिले. दवाखान्यातल्या बाईंनी छोटासा कॉम्प्युटर लावून दिला. पडद्यावरच्या अक्षरांकडे टक लावून हे एकेक अक्षर जुळवतात आणि यंत्र ते मोठ्यानं बोलतं. पहिलं वाक्य काय असावं? "चहा पाणचट आहे." मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले.

आमच्याकडे वीज रोज जाते. तेव्हा यंत्र घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालायचं आणि आमचं भांडणही. पण त्याचा अडॅप्टर जळाला आणि आमचा थोरला त्याच्या जागी नवा पॉवर सप्लाय घेऊन आला. हा एवढा डबा, आत पंखा घरघरतोय. "आई, सातशे वॅटचा आहे. बाबांच्या बाबतीत काटकसर नको."

झालं! वीज गेली की बॅटरी निम्म्या वेळात मान टाकायला लागली. ह्यांचं अर्धं वाक्य जुळलेलं, आणि पडदा काळा. मी बडबडतेय, हे नुसते बघतायत. प्रत्येक भांडण मीच जिंकायचे. जळलं मेलं ते जिंकणं! त्यापेक्षा दोन शिव्या खाल्लेल्या बऱ्या.

"बॅटरी मोठी घेऊ," थोरला म्हणाला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. यंत्र आणि डबा पिशवीत कोंबून मी तडक दुकान गाठलं.

"काकू, याहून भारी डबा नाही," दुकानदार म्हणाला.

"भारी राहू दे. किती वीज खातो ते मीटर लावून दाखव."

"तुम्हाला त्यातलं काय..."

"मला काय कळतं ते नंतर सांगते. आधी लाव!"

लावलं. मग माझ्याच सांगण्यावरून एक बारका, बिनपंख्याचा अडॅप्टर जोडला. आकडा निम्म्यावर आला. यंत्राला लागत होती चिमूटभर वीज, तेवढीच डबा स्वतः गिळत होता. दोघांच्या चहासाठी लग्नाचं पातेलं चढवलं होतं माझ्या लेकानं!

"हे आधी सांगायला काय धाड भरली होती?"

"तो म्हणाला सगळ्यात मोठा द्या. दिला."

"कशासाठी पाहिजे, हे विचारलंस?"

नव्हतं विचारलं. मग मी त्याला असं झाडलं, की फुटपाथवरची माणसं आत डोकावायला लागली.

परवा संध्याकाळी वीज गेली. यंत्राला आता तो बारका अडॅप्टर होता. मी म्हटलं, "येऊ दे थोरल्याला, आज त्याची खैर नाही."

"त्याला बोलू नकोस," यंत्र म्हणालं.

"हो, तुम्हाला लेकाचा पुळका! मी उन्हातान्हात वणवण केली त्याचं काही नाही."

हे अक्षरं जुळवायला लागले. मी कंबरेवर हात ठेवून उभी. एरवी इथवर येईतो सगळं बंद पडायचं. या वेळी पडदा तसाच उजळलेला.

"दुकानदारावर ओरडलीस ना? मला ऐकायचं होतं."

मग अंधारात उभी राहून दुकानदाराला जे जे सुनावलं होतं ते सगळं, तितक्याच जोरात, पहिल्यापासून म्हणून दाखवलं. हे मध्येमध्ये माझ्या ओरडण्यातल्या चुका काढत होते.