साबणाच्या डबीवरचा जिराफ

‘डबीताई’ हे नाव तिला सासरी आल्यावर पडलं आणि ते तिनं कमावलं होतं. खोकल्याच्या गोळ्या, बुटांचं पॉलिश, उंदीर मारायचं औषध, सगळ्यांच्या डब्या तिनंच काढलेल्या. डबी कुठं दुमडायची, झाकण कुठं अडकवायचं, हे ती स्वतः पुठ्ठा कापून, चिकटवून, उघडमीट करून बघे. मनासारखी बसली नाही की फाडायची आणि पुन्हा नवा पुठ्ठा. एवढी मरमर करून शेवटी काय, तर माणूस गोळी तोंडात टाकतो आणि डबी चुरगळून फेकतो. तिच्या मनात एकच होतं: एक तरी डबी अशी व्हावी, जी कोणाला टाकवणार नाही.

अशात एका नव्या बुटिक हॉटेलचं काम आलं. हॉटेल लहान, मालक अवाढव्य. प्रत्येक खोलीला एक प्राणी दिलेला. बाहेरची पाटी, किल्लीचा बिल्ला, चहाची पुडी, साबणाची डबी, सगळ्यावर त्या त्या खोलीचा प्राणी हवा होता.

पहिली चित्रं तिनं पुस्तकात बघून काढली. मालकांनी ती टेबलावर पसरली.

“ताई, प्राणी बरोबर आहेत. पण सगळे ओळखपत्राला फोटो काढायला उभे राहिल्यासारखे वाटतात. जीव नाही हो यांच्यात!”

ती धुमसत घरी आली. सासूबाई खिडकीशी बसून समोरच्या घरात कोण आलं, कोण गेलं, यावर लक्ष ठेवून होत्या. अंग जागच्या जागी, फक्त मान फिरत होती. डबीताईनं कागद ओढला आणि बघता बघता घुबड उतरलं.

मग हात थांबेना. धाकट्या दिराचा उंट झाला. तो जेवून उठायचा तेही टप्प्याटप्प्यानं. नणंदेची खार झाली. आपली पाठ वळली की डब्यातलं काहीतरी लंपास. पाणघोडा शोधायला लांब जावं लागलं नाही. मालक बसले की खुर्ची दिसेनाशी होई, आणि बोलायच्या आधी ते तोंड उघडून जरा वेळ तसंच ठेवत.

राहिला जिराफ. त्याला कोणी सापडेना.

“एवढी मान घरात एकाच माणसाची आहे,” नवरा म्हणाला आणि लगेच पेपरामागं गेला.

ती आरशासमोर बसली. या एका चित्रावर तिनं बाकी सगळ्यांच्या दुप्पट घाम गाळला. मान डौलदार झाली, पापण्या लांब झाल्या.

डब्या दाखवायला नेल्या तेव्हा तिनं पाणघोडा मुद्दाम सगळ्यांच्या खाली ठेवला. मालकांनी नेमकी पाणघोड्याची डबी उचलली. तोंड उघडलं. तसंच ठेवलं. डबीताईनं टेबलाची कड घट्ट धरली.

“अहो, हा तर आमचा मेव्हणा! हुबेहूब! तुम्ही त्याला कुठं बघितलंत?”

“कुठं तरी बघितलं असेल,” ती म्हणाली.

“हॉटेलच्या मोठ्या पाटीवर हाच घ्या. येता-जाता दिसला पाहिजे त्याला.”

घरी सासूबाईंनी घुबड डोळ्यांजवळ धरलं. “अगं, ही तर थेट माझी धाकटी जाऊ! नजर बघ मेलीची! जास्तीच्या डब्या आण गं, माहेरी पाठवते.”

नवऱ्याला एकदम ठसका लागला. तो उठून आत गेला.

हॉटेल सुरू झालं. काही दिवसांनी डबीताई तिथं गेली, पण पाटी बघायला थांबली नाही. सरळ मागच्या बाजूला, सफाईवाल्या मावशींकडं. खोल्यांतला कचरा त्या तिथं ओतत होत्या.

“मावशी, डब्या दिसत नाहीत?”

“कशा दिसतील? लोक डब्या नेतात आणि साबण टाकून जातात. परवा एका बाईनं पाणघोडा मागून घेतला. म्हणाली, नवऱ्याच्या टेबलावर ठेवते, बघू ओळखतो का. बघा, किती साबण गोळा झालेत!”

डबीताईला आभाळ ठेंगणं झालं. एवढं ऐकून निघाली असती तर बरं झालं असतं. पण तिनं ढीग पार खालपर्यंत उपसला. तळाशी चुरगळलेला जिराफ निघाला. एक नव्हे, बरेच.

“हा का टाकतात?”

“तो रोजचाच. चित्र छान आहे हो,” मावशी म्हणाल्या, “पण बघून कोणी आठवतच नाही.”

मालकांची काही तक्रार नव्हती. तरी तिनं त्यांना जिराफाची पुढची छपाई थांबवायला सांगितलं.

“अहो, सगळ्यांत देखणा तर तोच आहे!”

“तेच चुकलंय माझं.”

घरी येऊन तिनं पुन्हा आरसा मांडला. जुनं चित्र शेजारी ठेवलं. सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

“हे तू स्वतःला काढलंयस होय? बाई बाई! एवढ्या पापण्या आहेत का तुला?”

“नाहीत,” डबीताई म्हणाली आणि खोडल्या.

“आणि मान अशी लचकत नाही तुझी. ताठ असते. कोणी काही सांगायला लागलं की अशी वर जाते, आणि मग तू वरून बघतेस.”

“मी? मी वरून बघते, आई?”

“बघ! आत्ता बघितलंस! अगदी अशीच! हलू नकोस आता.”

डबीताई हलली नाही. मान होती तशीच ताठ ठेवून, आरशावरची नजर न काढता, तिनं नुसत्या हातानं पेन्सिल चाचपली.